घोरकाचं काय करायचं

आमच्या घरात अण्णांचा आवाज आठवड्यातून एकदा यायचा, रविवारी सकाळी अकरा वाजता, आणि तोही रेडिओतून. एरवी ते बोलतच नसत. रागावलेले नसत, आजारी नसत, आईशी काही बिनसलेलंही नसे. विष्णुपुरीच्या धरणावर पाटबंधारे खात्यात ते कारकून होते, तिथल्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, आणि सकाळी सायकल काढून गेलेला माणूस संध्याकाळी परत येऊन हातपाय धुऊन पेपर उघडून बसे, तो जेवणापर्यंत. मीठ हवं असलं की ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे. भाकरी नको असली की हात आडवा. मला हाक मारायची वेळ आली तर खोकायचे, आणि तो खोकला माझ्यासाठी आहे की आईसाठी हे आम्हा दोघींना बरोब्बर कळायचं. आई म्हणायची, ‘ह्यांच्या वाटचं बी मलाच बोलावं लागतंय, म्हणून तर माझा घसा बसून राहतो.’ आणि ती बोलायचीच. शेजारणीशी, दूधवाल्याशी, उतू जाणाऱ्या दुधाशी. मी त्या दोघांची एकुलती एक मुलगी. बोलणं आईकडून ऐकायचं आणि खोकला अण्णांकडून, एवढीच काय ती आमच्या घराची वाटणी.

तर या मुक्या माणसाला नांदेडच्या रेडिओनं खलनायक केला होता. कसा केला ते मला आजवर समजलेलं नाही. कुणा साहेबानं कचेरीच्या गणपतीत त्यांना नाटकात दरवानाच्या दोन वाक्यांत ऐकलं आणि बोलावलं म्हणतात. मुलांसाठी दर रविवारी अर्ध्या तासाची विज्ञानकथेची मालिका लागायची. एक यान, त्यात एक कप्तान, एक शास्त्रज्ञ बाई, एक विनोदी यंत्रमानव, आणि या सगळ्यांना छळणारा सम्राट घोरक. घोरक ग्रहांच्या पोटात राहायचा. तो हसला की ग्रह हादरायचा, आणि हसण्याआधी तो नेहमी एकच वाक्य म्हणायचा, ‘पायाखाली बघा!’ मागून पत्र्याचा गडगडाट. वर्षानुवर्षं मालिका चालली. घोरक दर तीन-चार आठवड्यांनी हरायचा, कुठल्या तरी भेगेत गडप व्हायचा, आणि महिन्याभरात दुसऱ्या ग्रहातून वर यायचा. शेवटी कलाकारांची नावं सांगत. त्यात फक्त ‘घोरक, भास्कर’ एवढंच यायचं. आडनाव द्यायला अण्णांनी नकार दिला होता, कारण कचेरीत चेष्टा होईल.

ध्वनिमुद्रण शनिवारी दुपारी असायचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तालीम. अण्णा पाण्याची तांब्याची घागर रिकामी करून मांडीवर घेत, तिच्यात तोंड घालत आणि हसत. आधी बारीक, मग खोल, मग घागरीच्या बुडाला धडकून परत आलेलं. आई चुलीशी येसर भाजत असायची, ‘आवो, हळू हसा, घागरीला पोचा पडंल’ म्हणायची. मसाल्याचा ठसका आणि ते हसणं मिळून मला खोकला यायचा, आणि अण्णा घागरीतून तोंड न काढता माझ्याकडे डोळे वटारत. ते डोळे खेळकर असायचे. मला वाटतं बापलेकीचं जे काय सख्य आमच्यात होतं ते त्या पंधरा मिनिटांत व्हायचं. घागर परत भरून ठेवली की माणूस पुन्हा पेपरमागे. रविवारी अकरा वाजता आई चुरमुरे भिजवून सुशीला करायची, भरपूर कांदा आणि शेंगदाणे घालून, आणि आम्ही दोघी रेडिओसमोर बसून खायचो. अण्णा मात्र बाहेर पायरीवर सायकल पुसत बसत. स्वतःचा आवाज ऐकायची त्यांना लाज वाटे. घरात घोरक गडगडायचा, आणि खिडकीतून बघावं तर घोरक चाकाच्या तारा एकेक करून पुसतोय.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी भाची, मावसबहिणीची मुलगी. परवा पुण्याहून आली होती. ती एक परदेशी मालिका बघते, जी तिच्या आईच्या जन्माआधीपासून चालू आहे म्हणे, आणि त्यातला दुष्ट अजूनही तोच. ती आणि तिच्या मैत्रिणी जेवताना त्यावर भांडतात. ‘मावशी, तूच सांग, त्याला आता रिटायर करायला हवं की नको? दर वेळी हरतो. मग भीती कसली वाटणार? लेखकांना नवीन काही सुचत नाही, की आणला त्यालाच परत.’ मी तिला आणखी एक पोळी वाढली. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण या प्रश्नावर मी एकदा मत दिलं होतं, पोस्टकार्डावर लिहून, आणि ते मत मोजलं गेलं होतं. त्यानंतर मी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि मग आमच्याकडे सगळ्यांचं व्हायचं तेच माझं झालं. मला लातूरला टाकलं. तेव्हा लातूरचं नाव घेतलं की आयांचे डोळे चमकायचे. तिथं पोरं रगडून घेतात, तिथून डॉक्टर होऊनच बाहेर पडतात, असं एस.टी.तले अनोळखी लोकही सांगायचे. मला एका खोलीत एक कॉट मिळाली. चार कॉट, चार पेट्या, एक पंखा, आणि भिंतीवर आधीच्या मुलींनी लिहून ठेवलेली सूत्रं. पहाटे क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, मग अभ्यास. मेसच्या डब्यातलं वरण आठवड्याचे सातही दिवस एकाच चवीचं. सगळ्या गल्लीत माझ्याएवढ्याच मुली, सगळ्यांच्या हातात त्याच नोट्स, आणि कुणाला कुणाशी बोलायला वेळ नाही. मी इतकी एकटी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही, अगदी नवरा गेल्यावरसुद्धा नाही. आईची पत्रं यायची, चार-चार पानी, शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं. अण्णांचं काही नसायचं. त्यांचा फक्त रविवार होता. मी घरून लहान ट्रान्झिस्टर आणला होता. तो खिडकीच्या गजाला टेकवून उजवीकडे कलता धरला की नांदेड लागायचं, खरखरीसकट. अकरा वाजता अण्णा ‘पायाखाली बघा’ म्हणायचे आणि माझा आठवडा पार पडायचा. ते माझे वडील आहेत हे मी खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो आवाज वाटून घ्यायचा नव्हता.

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. माझं काही गेलं नाही, आणि ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. आमची खोली हलली आणि उभी राहिली. सकाळी सगळं लातूर रस्त्यावर बसलेलं होतं, कुणाच्या मांडीवर पातेली, कुणाच्या मांडीवर पोरं, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांमधली माणसं जे सांगत होती ते कुणालाच खरं वाटत नव्हतं. माझ्या शेजारच्या कॉटवर मंगल नावाची मुलगी होती, औशाच्या पुढच्या एका गावची. घरची शेती, बाप करडा, आई हौशी, धाकटा भाऊ सातवीत, एवढं मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिचा मामा जीप घेऊन आला. ती निघाली तेव्हा तिच्या पायात एक चप्पल तिची आणि एक माझी होती, आणि आम्हा दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. तिची आई आणि भाऊ सापडले ते दुसऱ्या दिवशी. बाप शेतावर झोपायला गेला होता म्हणून वाचला.

मंगल दिवाळीनंतर परत आली. बाप पत्र्याच्या शेडमध्ये, आणि ही फिजिक्सच्या तासाला. क्लासवाले बुडालेले तास भरून काढायच्या घाईत होते. तिला काय बोलावं हे आम्हाला कळायचं नाही, म्हणून आम्ही तिला नोट्स द्यायचो. नुसत्या नोट्स. ती ‘बरं’ म्हणून घ्यायची. रविवारी सकाळी क्लासची परीक्षा झाली की बाकीच्या दोघी कपडे धुवायला गच्चीवर जात आणि खोलीत मी, मंगल आणि ट्रान्झिस्टर उरायचो. भूकंपानंतर काही आठवडे मालिका बंदच होती. ती पुन्हा लागली त्या रविवारी मी मंगलला विचारलं, ‘लावू का?’ ती म्हणाली, ‘लाव की.’ घोरक आला, म्हणाला ‘पायाखाली बघा!’, पत्रा गडगडला, आणि अण्णा हसायला लागले तशी मंगल भिंतीकडे तोंड करून ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली. हसणं थांबलं की तिचं रडणं थांबायचं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला तर ती मान हलवायची. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी सोसतेय.

त्याच सुमाराला श्रोत्यांच्या पत्रांच्या कार्यक्रमात निवेदिकेनं सांगितलं की, सध्याच्या परिस्थितीत जमीन हादरवणारा खलनायक ठेवावा का, असा विचार चालू आहे. इतकी वर्षं चाललेली मालिका आहे, घोरक मुलांचा लाडका आहे, तेव्हा श्रोत्यांनीच कळवावं, घोरकाचं काय करायचं? घोरक गेला की माझा रविवार जाणार होता, आणि अण्णांचा शुक्रवार. मालिकेत दुसरं कुठलं काम अण्णांना कोण देणार? साधं ‘नमस्कार’ म्हणताना अडखळणारा माणूस. हे सगळं मला दिसत होतं. दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. लिहिलं की, आमच्या भागात आता जमिनीवर पाय टेकवायची भीती वाटते, घोरकाचं हसणं ऐकवत नाही, आमची माणसं गेली आहेत, कृपा करून त्याला परत आणू नका. खाली सही केली, ‘भूकंपग्रस्त भागातली एक मुलगी.’ माझ्या नावानं लिहिलं असतं तर लातूरच्या क्लासमधल्या एका पोरीचं कोण ऐकणार होतं? कार्ड पेटीत टाकलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे आता कबूल करते. मैत्रिणीसाठी आपण बापाचा आवाज देऊन टाकला, असं काहीतरी मनात घोळवत मी खोलीवर आले आणि पोटभर जेवले.

कार्ड रेडिओवर वाचलं गेलं. संपूर्ण, संथ आवाजात, मागे बासरी लावून. निवेदिका म्हणाली की घोरकाला ठेवा म्हणणारी पत्रं खूप आली, पण या एका कार्डानं आम्हाला विचार करायला लावलं, आणि पुढच्या भागात घोरकाचा कायमचा अंत होईल. मी मंगलकडे बघितलं. ती कॉटवर उठून बसली होती.

‘ही कोण बाई हाय गं?’ ती म्हणाली. ‘आमच्याकडची?’

‘असेल.’

‘तिला कुणी सांगितलं व्हतं आमच्या नावानं लिवायला?’

तिला एवढं चिडलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मी म्हटलं, ‘पण मंगल, तूसुद्धा रडायचीस ना, तो हसला की.’

‘हाव, रडायची. कुठं रडू मंग? खोलीत चौघी. खाली बाथरूमला जावं तर रांग. क्लासात रडलं की सर पाणी आणतेत आन् सगळे बघून राहतेत. तो हसायला लागला की दुसरं काय ऐकू येत न्हाई, म्हून तेवढ्यात रडून घ्यायची.’ मग म्हणाली, ‘आन् शेवटी हरवतेत की त्याला. दर खेपंला. मला ते ऐकायचं असायचं. आमच्याकडं कुणी हरवलं त्याला?’

ते कार्ड मी लिहिलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढे तिच्या लग्नाला गेले तेव्हाही नाही. तिच्यासाठी म्हणून जे केलं ते तिला एकदा विचारून करावं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. आता भाचीला उत्तर द्यायचं तर मी हे सांगेन की, जुना दुष्ट आला की लेखकाला कष्ट पडत नाहीत हे तुझं बरोबर आहे, आणि मोठ्या माणसांना त्याची भीती वाटत नाही हेही बरोबर. पण काहीजण त्याला भ्यायला येतच नाहीत. आपल्या खऱ्या भीतीला कुणी हरवत नाही, तर निदान ही ओळखीची भीती नेमानं येऊन नेमानं हरताना त्यांना बघायची असते. अशांना तू विचारलंस का? घोरकानंतर त्यांनी एक नवा दुष्ट आणला होता, गोड बोलणारा एक संगणक, शुद्ध पुणेरी. त्याच्याबद्दल ठेवा म्हणून किंवा काढा म्हणून कुणाचं कार्ड आल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि मालिका वर्षभरात बंद झाली.

शेवटचा भाग मी आणि मंगलनं ऐकला. कप्तानानं घोरकाला सूर्यात ढकललं. अण्णा हसत हसत लांब गेले, हसणं बारीक होत गेलं, आणि मग ते वाक्य नव्हतं, पत्रा नव्हता, नुसती खरखर होती. मंगल रडली नाही. मी रडले, आणि माझं रडणं सगळ्यांना ऐकू गेलं.

संक्रांतीला दोन दिवस घरी गेले. शुक्रवार होता, पण घागर पाण्यानं भरलेली, जागच्या जागी. आई तिळाचे लाडू वळता वळता म्हणाली, ‘महिना होत आला, हसले न्हाईत. घरात कसं तरीच वाटून राहिलं.’ अण्णांनी रेडिओ कपाटावर ठेवून दिला होता. ते जेवले, ताटावर बोट वाजवलं, मी मीठ दिलं. रविवारी सकाळी मला लातूरच्या गाडीत बसवायला ते आले. माझी पेटी सायकलच्या कॅरियरवर, एक हात पेटीवर, एक हँडलवर, आणि मी शेजारून चालत. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. धरणाच्या भिंतीकडून गार वारा येत होता. मला ते आतल्या आत ठेवणं आता जमेना.

‘अण्णा, ते कार्ड मी लिहिलं होतं.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले.

मला वाटलं संपलं. एवढंच बोलतील. पण ते पेटीचा दोर पुन्हा घट्ट बांधत बोलायला लागले, आणि आयुष्यात एका दमात ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ‘रेडिओच्या देगावकर साहेबांनी सगळी कार्डं टेबलावर मांडली. पोरं म्हणतेत ठेवा. साहेब पण म्हणले, एका कार्डासाठी कशाला बंद करायचं. तुझं अक्षर बघितलं मी. म्हणलो, साहेब, बंद करा. तिकडं एकटी राहून तेवढं सगळं बघितलीस तू. बापाच्या हसण्याची पोरीला भीती वाटून राहिली, तर मग कशाला हसायचं?’

‘मला नव्हती भीती वाटत, अण्णा. मंगलला वाटते असं वाटलं मला. मी तर आठवडाभर तेवढ्याचीच वाट बघायचे. तिथं दुसरं काहीच नव्हतं मला.’

लांबून गाडी दिसली. अण्णांनी पेटी सोडवून खाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता, हात पँटला पुसत म्हणाले, ‘मग तसं मला लिहायचं की.’

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. ते सायकल धरून उभे होते, मी हात केला, त्यांनी मान हलवली. दीड वर्षात घरी धाडलेल्या प्रत्येक पत्राची सुरुवात ‘ती. आईस’ अशी होती आणि शेवटी एका ओळीत ‘अण्णांना नमस्कार.’ त्यांच्या हातात पडलेलं माझं पहिलं पत्र म्हणजे ते कार्ड, आणि तेही मी दुसरीच कुणी होऊन लिहिलं होतं.